मांडीवरचं कालवण

आमच्या गॅरेजात काहीच फेकून देत नाहीत. जुने नट, तुटके आरसे, वाकड्या नंबरप्लेटा, सगळं मागच्या शेडमध्ये जातं. किस्सेही तिथेच साठत गेलेत. चारचौघांत सांगायला मी लाजतो, म्हणून लिहितोय.

ऑस्ट्रेलियातल्या टूवूंबातलं हे गॅरेज वसईच्या फ्रान्सिस अंकलचं. दहावीत शाळा सोडली तेव्हापासून मी इथे काम शिकतोय. शनिवारी दुपारी शटर अर्धं ओढलं की शेडमधल्या टीव्हीवर एक ब्रिटिश कार्यक्रम लागतो. तीन घोडे झालेले बाप्ये गाड्या पळवतात, मोडतात आणि एकमेकांना टोमणे मारतात. बघणारे आम्ही चौघं : अंकल, त्यांची बायको सिसिलिया आंटी, पुण्याचा आयटीवाला प्रसाददादा आणि मी.

*

टीव्हीतल्या गाडीचा नुसता आवाज ऐकून अंकल ओरडतात, "अरे, वॉटर पंप गेलाय! थांबव!"

आंटी शांतपणे म्हणतात, "फ्रान्सिस, त्यांना इंग्लंडात ऐकू जात नाही."

एकदा एक शेतकरी वाफा सोडणारी गाडी घेऊन दारात आला. अंकलनी मानही वळवली नाही. "वॉटर पंप, मेट. बस. ह्यांचाही तोच गेलाय."

तो बसला, चहा प्यायला, अख्खा एपिसोड बघून उठला. आणि खरंच वॉटर पंप गेलेला!

*

कार्यक्रम बघून प्रसाददादाने एक म्हातारी यूट घेतली, मागे उघडा हौदा असलेली. "शून्य ते शंभर किती सेकंदांत जाते बघू," म्हणत रिकाम्या रस्त्यावर अंकलच्या हातात स्टॉपवॉच दिलं.

बराच वेळ झाला. काटा साठावर थरथरत होता.

अंकल म्हणाले, "प्रसाद, घड्याळ राहू दे. कॅलेंडर आण!"

*

आता माझं. इथे बस क्वचित. दुरुस्त गाडी चालवून बघायची, बंद पडलेली शेतावरून आणायची, तर लायसन्स हवंच. अंकल एकदा जमिनीकडे बघत म्हणाले, "बाळा, ख्रिसमसपर्यंत नाही मिळालं तर मला दुसरा माणूस बघावा लागेल."

पहिल्या टेस्टला राउंडअबाउटवर, म्हणजे गोल चौकात, मी थांबलो. समोर एक आजीबाई थांबलेल्या. मी हाताने म्हटलं, "आधी तुम्ही." त्यांनी हाताने म्हटलं, "नाही, तू." असं चार वेळा! मागे ट्रॅक्टरपर्यंत रांग.

परीक्षक म्हणाला, "मेट, आज निघायचंय का?"

नापास.

दुसऱ्या टेस्टला घाबरून असा ब्रेक दाबला की त्याचा चष्मा डॅशबोर्डवर. पुन्हा नापास.

*

त्याच आठवड्यात शनिवारच्या एपिसोडमध्ये ते तिघं सुपाने काठोकाठ भरलेला वाडगा शेजारच्या सीटवर ठेवून डोंगर उतरत होते. ज्याचं कमी सांडेल तो जिंकला.

आंटी एकदम उठल्या. "उद्या चर्चला मला तू ने."

रविवारी त्या पांढऱ्याशुभ्र ड्रेसमध्ये शेजारी बसल्या. मांडीवर माशाच्या कालवणाचं पातेलं, झाकणाशिवाय!

"आंटी, ड्रेस..."

"ड्रेस माझा, पाय तुझा. चल."

पहिल्या रविवारी फादरनी विचारलं, "सिसिलिया, अपघात झाला का?" दुसऱ्या रविवारी डाग फक्त बाहीवर. गाडी थांबली की मी विचारायचो, "आंटी, सांडलं?" मागचे हॉर्न, समोरची माणसं, काही दिसेनासंच झालं. दिसायचं ते पातेलं. पाचव्या रविवारी आंटी म्हणाल्या, "थेंब नाही."

*

तिसरी टेस्ट. तोच परीक्षक. त्याने आधी चष्मा काढून खिशात ठेवला.

राउंडअबाउट आला, गेला. सिग्नल आला, मी लोण्यासारखा थांबलो आणि हळूच शेजारी बघितलं. पुढच्या सिग्नललाही. तिसऱ्या सिग्नलला तोही खाली बघायला लागला.

शेवटी गाडी कडेला लावली, हँडब्रेक ओढला आणि सवयीने तोंडातून गेलंच, "आंटी, सांडलं?"

दाढीवाला परीक्षक माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने पँट झटकली, कागदावर सही केली आणि म्हणाला, "पास, मेट. पण आता सांग, माझ्या मांडीवर आहे काय?"