एकाहत्तर टक्के

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. आज लिहायला बसले आणि दोनदा उठले, चहा ठेवला — तो निवूनही गेला. आता बसलेच आहे तर सांगते. सरळ सांगता येईलच असं नाही.

शालू आणि मी दारव्ह्याला एकाच कॉलेजात. पदवी झाल्यावर दोघींनी एमबीएची प्रवेश परीक्षा दिली. मला बासष्ट पर्सेंटाईल, तिला एकाहत्तर. दोन्ही आकडे फुसके, चांगल्या कॉलेजात कुणी दारात उभं केलं नसतं. पण मधले ते नऊ मला बोचत राहिले. पुस्तकं माझी, आणि पुढे ती?

घरी काय सांगायचं? शालू म्हणाली, खरं ते सांगू. मी म्हणाले, वेडी आहेस का? आपल्याकडे टक्के कळतात, पर्सेंटाईल कुणाला कळतं? साठच्या वर म्हणजे फर्स्ट क्लास. नुसता आकडा सांगायचा, पुढचं घरचेच समजून घेतील. ती नाही-नाही म्हणत होती — मीच तिला शपथ घातली. आणि झालं तसंच. माझ्या बाबांनी पिठाच्या गिरणीवर येईल त्याला पेढा दिला. त्यातला एक मीही खाल्ला.

मग पुढच्या वर्षीचं वेळापत्रक. शालूनं जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला आखलं. सकाळी अभ्यासिकेत गणित, दुपारी इंग्रजी, आठवडी बाजाराच्या दिवशी सराव पेपर — त्या दिवशी तिथे चिटपाखरू नसतं. माझं गणित कच्चं. म्हणून तिनं स्वतःच्या इंग्रजीतले रोजचे दोन तास कापून तिथं माझं नाव लिहिलं. हे मला नंतर कळलं असं म्हणू का? नाही, तेव्हाच दिसलं होतं.

अडचण एकच होती. शालूचे वडील, मोहनकाका, अजून एका वर्षाला हो म्हणाले नव्हते. बसस्टँडमागे त्यांचं शिवणकामाचं दुकान. मी कुर्त्याच्या बाह्या आखूड करायला गेले तेव्हा शालू नव्हती. काकांनी मशीन थांबवलं.

"तुले बासष्ट अन् आमच्या शालूले एकाहत्तर. म्हणजे बरेच हायेत ना वं? पोट्टी म्हणते, अजून एक साल दे. देऊन टाकतो म्हणतो मी."

फक्त 'हो काका' म्हणायचं होतं. दोन शब्द! पण त्यांच्या चेहऱ्यावरचा तो अभिमान — एकाहत्तरचा — मला बघवेना. असं का होतं माणसाचं? मी म्हणाले, "काका, ते टक्के नाहीत." आणि मग थांबलेच नाही. शंभर जणांना ओळीत उभं केलं तर एकोणतीस जण शालूच्या पुढे, असं बोटं दाखवून समजावलं. अशा आकड्यावर काही मिळत नाही, हेही सांगितलं. माझ्या बासष्टबद्दल त्यांनी विचारलं नाही. मीही काढलं नाही.

काकांनी हातातलं कापड घडी करून बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "मंग माह्या पोरीनं हे मले काहून नाही सांगतलं?"

इथे तरी बोलायला हवं होतं ना? शपथ माझी होती, युक्ती माझी होती. मी म्हणाले, "मला काय माहीत, काका." बाह्यांचे पैसे दिले आणि घरी आले.

वर्ष मिळालं नाही. आकड्यापेक्षा फसवल्याचा राग त्यांना जास्त होता. शालू दुकानात बसू लागली. कुणाकडून कळलं ते काकांनी तिला सांगितलं नाही; कुणा गिऱ्हाइकानं सांगितलं असेल, असं तिला वाटलं. आठवडाभरानं ती घरी आली आणि कॅलेंडर माझ्या हातात दिलं. "तू तरी कर वं." मी केलं. तिच्या आखणीप्रमाणे, एक दिवस न चुकवता. चौऱ्याण्णव पर्सेंटाईल आले. बाबांनी पुन्हा पेढे वाटले, चौऱ्याण्णव टक्क्यांचे.

मागच्या दिवाळीत माहेरी गेले तेव्हा साडीला फॉल लावायला दुकानात गेले. काका आता थकले आहेत, मशीनवर शालूच असते. बोलता बोलता तो विषय निघाला. कसा निघाला आठवत नाही, मी तर काढला नव्हता. शालू म्हणाली, "ज्यानं कोणी बाबाले सांगतलं ना, त्याचा राग नाही मले. खरंच तर सांगतलं त्यानं. खोटं तर आपुनच बोललो होतो."

आपुन, म्हणाली ती.

दुकानात दुसरं कुणी नव्हतं. मी म्हणाले, "हो ना." आणि फॉल कधी होईल ते विचारलं.