इब्राहिमशेठच्या लॉरीची बॉडी

हातखंब्याच्या अलीकडच्या चढावर लॉरी परत थांबली आणि मागे सरकायला लागली. मी ब्रेकवर जवळजवळ उभाच राहिलो. शेजारी बसलेले इब्राहिमशेठ खाली उतरले, रस्त्याकडेचा जांभा दगड उचलून त्यांनी मागच्या चाकाखाली सारला आणि हात झटकत माझ्याकडे आले.

"दत्ताराम, तुजं इंजन मेलं रं."

"मेलं नाही शेठ. दमतंय."

"दमाया काय झालं त्येला? मागं बांगडा हाय. साखरप्याचा बाजार उठला की तो काय मी खाऊ? आज ही चढली नाय तर कोल्हापूरचा मेकॅनिक आणणार मी. मग तू तुजा पाना उचल नि घरला जा."

शेठ बोलत तसं करत. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात त्यांच्या होड्या होत्या, आणि आणखी एक लॉरी घ्यायचं त्यांच्या मनात होतं. दोन्ही लॉऱ्यांची कायमची नोकरी मला द्यायची असं ठरलं होतं. ती नोकरी आता त्या चढावर, एका दगडाच्या आधाराने उभी होती.

ही लॉरी जिवंत केली ती मी. हे आधी सांगतो, कारण दुसरं कोणी सांगत नाही.

ही गोष्ट सन तीसच्या पुढची. मी मुंबईला एका मोटार गॅरेजात काम शिकून रत्नागिरीला परत आलो होतो. त्या काळी मेकॅनिक आणि ड्रायव्हर एकच असे. जो दुरुस्त करील तोच चालवील. शेठनी एका रस्त्याच्या कंत्राटदाराची जुनी अमेरिकन लॉरी घेतली. ती खाडीकाठी उघड्यावर पावसाळे खात पडली होती. मडगार्डात बोट घातलं तर आरपार जाई. बॉडीचं लाकूड वाळवीने संपवलेलं. इंजिन गंजून जाम झालेलं, हँडल मारायला गेलो तर हँडलच वाकलं.

मी सगळं सुटं केलं. पिस्टन रॉकेलमध्ये भिजत घातले. चॅसिस, म्हणजे लॉरीचा लोखंडी सांगाडा, तारेच्या ब्रशाने घासून काढला. त्यावर शेंदरी रंगाचे हात दिले. काही भाग मुंबईहून बोटीने मागवले, काही स्वतः कानशीने घासून बनवले. हाताची सालं गेली. शेवटी एका सकाळी हँडल मारलं आणि इंजिन बोललं. आसपासची कुत्री पळाली. शेठ म्हणाले, "शाबास, मेस्त्री!"

मेस्त्री! मला पहिल्यांदाच कोणी तसं म्हणालं. फार बरं वाटलं. हे बरं वाटणं पांडू मेस्त्री येईपर्यंत टिकलं.

झालं असं, की शेठना मीच सांगितलं होतं, "मासळीचं खारं पाणी चॅसिसवर गळू देऊ नका. नाहीतर माझं सगळं काम परत गंजून जाईल." शेठनी मान हलवली आणि बॉडी बांधायला त्यांच्या होड्या बांधणारा पांडू मेस्त्री बोलावला. साठीचा, किडकिडीत, कमी बोलणारा माणूस. त्याने लॉरीभोवती एक चक्कर मारली, चॅसिसवर हात ठेवला आणि मला विचारलं, "नाळ कुठल्या अंगाला?"

नाळ म्हणजे होडीचं पुढचं टोक. मी बॉनेट दाखवलं. तो हसला नाही, पण मला तो हसल्यासारखा वाटला.

मग त्याने होडीच बांधली. फणसाच्या फळ्या वाफवून वाकवल्या. प्रत्येक फटीत कापूस आणि राळ ठासली. वरून मुशी माशाच्या तेलाचे हात दिले, त्या वासाने मला जेवण जाईना. तळावर आडवे तक्ते टाकले, होडीत पाय ठेवायला असतात तसे. आणि रोज संध्याकाळी मिरकरवाड्यातली माणसं ते बघायला जमत. म्हातारे खारवी खलाशी फळ्यांवरून हात फिरवत, मान डोलवत. माझ्या इंजिनावरून कोणी हात फिरवला नाही. एकाने फिरवला, तो भाजला.

आता सगळे त्यालाच मेस्त्री म्हणू लागले. मी झालो इंजिनवाला.

मला त्याचा हेवा वाटत होता. होता कशाला, आजही वाटतो. त्याने केलं काय? एक पेटी बांधली. पेटी काय, कोणीही बांधील! बंद पडलेलं इंजिन चालू करणारा त्या गावात मी एकटा होतो. पण इंजिन बॉनेटखाली असतं आणि बॉडी जगाला दिसते. या धंद्यातला हा अन्याय मला पहिल्यांदा तिथे कळला.

नवी होडी पाण्यात लोटताना ती बांधणाऱ्याच्या डोक्याला नवं मुंडासं बांधायची तिथली रीत. लॉरी पहिल्यांदा बाहेर काढली त्या दिवशी शेठनी फातिहा दिला, बत्तासे वाटले आणि सगळ्यांसमोर पांडू मेस्त्रीच्या डोक्याला मुंडासं बांधलं. बॉडीला झेंडूची माळ घातली. मी हातात हँडल घेऊन पुढे उभा होतो. शेठ माझ्याकडे वळले. मला वाटलं, आता माझी पाळी.

"चल, सुरू कर," शेठ म्हणाले.

त्या दिवसापासून मी त्या बॉडीकडे बघणं सोडलं. माझं राज्य बॉनेटपासून सीटपर्यंत. मागे काय भरतात, काय उतरवतात, ते पांडू मेस्त्रीचं कौतुक करणाऱ्यांनी बघावं.

सुरुवातीला लॉरी छान पळाली. बंदरावर मासळीच्या पाट्या चढत, त्यावर ओलं गोणपाट पडे आणि मासळी ताजी राहावी म्हणून हमाल समुद्राच्या पाण्याच्या बादल्या वरून ओतत. वाटेत थांबलो की परत पाणी. पाली, मग साखरपा, की संध्याकाळी परत. पण दिवसेंदिवस लॉरी जड चालू लागली. चढावर पहिल्या गिअरमध्येही धापा टाकी. मागच्या स्प्रिंगा खाली बसल्या होत्या. जुन्याच होत्या, म्हणून मी मनावर घेतलं नाही. उतारावर मागून काहीतरी डुचमळल्याचा आवाज येई. मी म्हटलं, पेट्रोलची टाकी असेल.

आणि मी इंजिन उघडलं. कार्ब्युरेटर साफ केला. हवा आणि पेट्रोल एकत्र करून इंजिनाला भरवतं ते हे भांडं. ते स्वच्छ होतं. व्हॉल्व्ह घासून बसवले. तेही ठीक होते. लॉरी तशीच. बंदरावर लोक बोलू लागले, "बॉडी काय झाली हाय! पन इंजन नाय पेलत त्या बॉडीला." हे मी कानांनी ऐकलं. रात्रभर अंगाची आग झाली.

तर, त्या चढावर आम्ही उभे होतो. ऊन वाढत होतं. शेठ म्हणाले, "पाट्या उतरव. वझं हलकं कर, मग बगू."

उतरवायला दुसरं कोणी नव्हतं. कितीतरी दिवसांनी मी त्या बॉडीत चढलो. वरच्या पाट्या काढल्या. खालची एक ओढली तर ती हलकीच सरकली, जशी काही तरंगत होती. ती तरंगतच होती. तक्त्यांच्या वर पाणी आलं होतं! मी एक तक्ता उचलला. खाली काळंशार पाणी, आणि त्यात एक कुर्ली, म्हणजे खेकडा, आरामात फिरत होती. तिथेच राहायला आल्यासारखी.

माझ्या लक्षात आलं. त्या बॉडीतून थेंबभरही पाणी गळत नव्हतं. इतक्या दिवसांचं सगळं पाणी मी साखरप्याला नेत होतो आणि परत आणत होतो. चढावर ते सगळं मागे धावे, उतारावर पुढे. माझं बिचारं इंजिन मासळीबरोबर एक तळं ओढत होतं.

इतका आनंद मला इंजिन पहिल्यांदा सुरू झालं तेव्हाही झाला नव्हता.

"शेठ!" मी ओरडलो. "इकडे या! बघा तुमच्या मेस्त्रीची करामत!"

शेठ चढले, वाकले, बघत राहिले. मी छिन्नी-हातोडी घेऊन आलो. तळाला एक भोक पाडलं की काम झालं. शेठनी माझा हात धरला.

"काय करतंस?"

"भोक पाडतो."

"होडीला भोक पाडनारा तू कोन?"

"शेठ, ही लॉरी आहे."

"पांडूच्या हातची हाय. तिला हात लावायचा तो पांडूनंच."

पुढे बोलण्यात अर्थ नव्हता. पेट्रोलच्या रिकाम्या डब्याने मी पाणी उपसलं. शेठही उपसायला लागले, कुर्ली त्यांनी बाजूला ठेवली. पाट्या परत चढवल्या. मी हँडल मारलं, दगड काढला, आणि लॉरी तो चढ अशी चढली, की वर पोचल्यावर मी शेठकडे बघून वाट पाहिली. आता तरी.

शेठ मागे वळून बॉडीकडे बघत होते. "काय काम हाय पांडूचं," ते हळूच म्हणाले. "एवढं पानी, नि एक थेंब नाय गळला."

बाजार मिळाला. माझी नोकरी राहिली. कोल्हापूरच्या मेकॅनिकचं नाव परत निघालं नाही. संध्याकाळी आम्ही पांडू मेस्त्रीकडे गेलो. मी सगळं सांगितलं, जरा तिखटमीठ लावून. चुकलो असं तो म्हणेल या आशेने त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. त्याने विडी विझवली.

"मग उपसलं का नाय?" त्याने विचारलं.

"कोणी?"

"ज्याच्या हातात होडी, त्यानं. पानी आत येतंच. बांधनं माजं काम. उपसनं खलाशाचं." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तू चालवतंस ना?"

शेठ इतके हसले, की त्यांना खाली बसावं लागलं.

दुसऱ्या दिवशी पांडू मेस्त्रीने स्वतः तळाला भोक पाडलं आणि त्यात लाकडी बूच बसवलं, दोरी बांधून. बूच ओढलं की पाणी एका नळीतून चॅसिसच्या बाहेर रस्त्यावर पडे. साखरप्याला मी बूच ओढायचो तेव्हा बाजारातली माणसं बघायला जमत. "काय डोकं चालवलंन मेस्त्रीनं!" म्हणत. ओढणारा मी होतो.

दोन्ही लॉऱ्या मी पुढे पुष्कळ वर्षं चालवल्या. त्या जुन्या लॉरीच्या चॅसिसला शेवटपर्यंत गंज चढला नाही, हेही मला मान्य करावं लागतं. अखेर लॉरी मोडीत काढली तेव्हा इंजिन पालीजवळच्या एका भातगिरणीला विकलं. गिरणीवाला येणाऱ्या-जाणाऱ्याला अभिमानाने सांगे, "त्या बुचवाल्या लॉरीचं इंजिन हाय."

नव्या मेकॅनिकांना मी एवढंच सांगतो. इंजिन जुनं असो, गंजलेलं असो, खुशाल हात घाला. फक्त बॉडी कोण बांधणार ते आधी विचारून घ्या.

मध्ये एकदा शेठकडे गेलो होतो. परसात त्यांनी ती बॉडी चार दगडांवर ठेवली होती आणि तिच्यात बांगडा खारवायला घातला होता. काठोकाठ मिठाचं पाणी. शेठ चहा सांगायला आत गेले. आसपास कोणी नाही असं बघून मी वाकलो आणि खालून तळाला हात लावला.

कोरडा.