अप्पांपर्यंत पोचणारा आवाज

माझे वडील, अप्पा, ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात पत्रा दाबायच्या मशीनवर होते. त्या धडधडाटानं चाळिशीच्या आतच त्यांचे कान गेले. पार बहिरे झाले नव्हते, पण आवाज चढवल्याशिवाय त्यांना काही कळायचं नाही. त्यामुळे कल्याण पूर्वेच्या आमच्या चाळीतल्या खोलीत आई आणि मी कायम मोठ्यानं बोलायचो. नवीन शेजाऱ्यांना वाटायचं, भांडणं चाललीयत. नुसतं ओरडलेलं मात्र अप्पांना आवडायचं नाही. "ओरडू नको गं, नीट बोल," म्हणायचे. मग शब्द सुटा करून, पोटातून जोर लावून बोलायची मला लहानपणापासून सवय लागली.

कारखान्यातली मंडळी दरवर्षी कामगारांच्या स्पर्धेत नाटक करायची. अप्पांकडे पडदा ओढायचं काम. मी अकरावीत असताना नाटकात काम करणाऱ्या मुलीचं लग्न ठरलं आणि ती तालमीला यायची बंद झाली, तेव्हा अप्पा मला घेऊन गेले. दिग्दर्शक हॉलच्या पार मागे जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "आता बोल." मी बोलले.

"कुठे शिकलीस हे?" त्यांनी विचारलं.

"कुठे नाही. घरी असंच बोलतो आम्ही."

तिथून माझं नाटक सुरू झालं. आईला ते कधीच पटलं नाही. मी दौऱ्यावर निघाले की ती डबा भरून द्यायची, पण कुठे चाललीस म्हणून विचारायची नाही. आधी व्यावसायिक नाटकांत मोलकरीण, मैत्रीण, शेजारीण अशी कामं केली. पस्तिशीला आले तेव्हा एक मोठी भूमिका मिळाली. आजारी आईला कोण सांभाळणार यावरून भांडणाऱ्या भावंडांचं नाटक होतं आणि मी थोरली बहीण. शेवटच्या प्रवेशात भावांना घराबाहेर काढतानाचं एक लांबलचक बोलणं होतं. त्यातली शेवटची वाक्यं मी अगदी हळू म्हणायचे, तरी ती बाल्कनीपर्यंत जायची. ठाण्यात प्रयोग असला की अप्पा रिटायर झालेल्या मित्राला घेऊन यायचे. नाटक संपल्यावर रंगपटाच्या दारात उभे राहून एवढंच म्हणायचे, "सगळं ऐकू आलं." त्यांच्याकडून मला दुसरं कौतुक कधी लागलंच नाही.

गळ्यावरची सूज पहिल्यांदा पाहिली ती आमच्या रंगभूषाकारांनी. मानेला रंग लावता लावता त्यांचा हात थांबला. "ताई, हे दाखवून घ्या," म्हणाले. थायरॉईडची गाठ निघाली, आणि ती साधी नव्हती. ऑपरेशन टाळता येण्यासारखं नव्हतं. डॉक्टरांनी आधीच स्पष्ट सांगितलं होतं की आवाजाची नस गाठीला चिकटलेली आहे, वाचवायचा प्रयत्न करू. त्यांनी तो केला असणारच. शुद्धीवर आल्यावर मी पाणी मागितलं आणि तोंडातून नुसती हवा आली.

पुढे व्यायाम केले, थेरपी केली. हवेच्या जागी एक घोगरी कुजबुज आली आणि ती तिथेच थांबली.

निर्माते भेटायला घरी आले. चांगला माणूस. बराच वेळ हवापाण्याच्या गप्पा मारल्या. शेवटी मीच कुजबुजत म्हणाले, "दुसरी कोणी बघितलीत का?" त्यांनी मान खाली घातली. बघितली होती. तिची तालीम घ्यायला मी डोंबिवलीला गेले. मुलगी हुशार होती. शेवटच्या बोलण्यापाशी ती अडली, म्हणून मी उठून तिला करून दाखवायला लागले. हात वळले, मान वळली, पावलं बरोबर पडली. सगळे माझ्याकडे बघत होते आणि हॉलमध्ये पंख्यांचा आवाज तेवढा येत होता. त्या मुलीनं माझा हात धरला. "ताई, बसा ना. कळलं मला," म्हणाली.

घरी त्याहून अवघड होतं. मी बोललेलं अप्पांना ऐकूच यायचं नाही. मी आईच्या कानाशी बोलायचे आणि आई ते मोठ्यानं अप्पांना सांगायची. थोड्याच दिवसांत माझ्या लक्षात आलं, आई माझी वाक्यं बदलते. एकदा जेवताना मी म्हणाले, "आता नाटक संपलं माझं." अप्पांनी आईकडे बघितलं. "काय म्हणाली?"

आईनं भाकरी मोडली आणि मोठ्यानं सांगितलं, "म्हणते, जरा आराम करीन, मग बघू."

जन्मभर जिनं माझं नाटक नको म्हटलं, ती असं बोलली. मी तिला अडवलं नाही.

मी हट्टानं अप्पांना कानाचं यंत्र आणलं. ते त्यांच्या कानात बसवलं. समोर बसून मी म्हणाले, "अप्पा, ऐकू येतंय?"

ते दचकले. डोळे बारीक करून माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "येतंय. पण हा आवाज तुझा नाय."

त्यांनी यंत्र काढून डबीत ठेवलं. "खरखर फार करतं ते," म्हणाले. त्यानंतर ते माझ्या ओठांकडे बघून कळेल तेवढं कळून घ्यायचे. मी आजाराबद्दल काही सांगत असायचे आणि त्यांना वाटायचं मी भाजीचं विचारतेय. हसायचो दोघं. कधी कधी हसता हसता ते उठून बाहेर गॅलरीत जाऊन उभे राहायचे.

अप्पा मागच्या वर्षी गेले. फुप्फुसात पाणी झालं होतं. हॉस्पिटलमध्ये शेवटच्या दुपारी त्यांचे डोळे मिटलेले होते, त्यामुळे ओठ वाचायचाही प्रश्न नव्हता. मी त्यांच्या कानाला तोंड लावून काय काय बोलत होते. आई पलंगाच्या दुसऱ्या बाजूला उभी होती. ती म्हणाली, "काय म्हणतेस ते सांग मला. मी सांगते त्यांना."

मी नाही म्हणून मान हलवली. ते मला कोणाकडूनही सांगायचं नव्हतं.

आता मी कल्याणला नाटकांचे आणि शाळांच्या स्नेहसंमेलनांचे कपडे भाड्यानं देणाऱ्या एका बाईंकडे काम करते. नऊवाऱ्या धुऊन-इस्त्री करून ठेवायच्या, तुटलेली बटणं लावायची. तिथे फार बोलावं लागत नाही. आमचं नाटक अजून चालू आहे, अधूनमधून ठाण्याला लागतं. ती मुलगी फोन करून बोलावते. मी अजून गेले नाही. आई दोनदा म्हणाली, "जाऊ या गं आपण. मी कुठे बघितलंय ते नाटक."