तुरीच्या दाण्यावरचा पांढरा ठिपका

तुमच्या घरातल्या तुरीला भुंगा लागला, तर तुम्ही आधी दाण्याकडे बघता की घरातल्या बाईच्या हाताकडे?

आमच्या घरात हाताकडे बघितलं गेलं. हात माझ्या वहिनीचा होता.

आमचं गाव नांदेड आणि लातूरच्या मध्ये, कंधारच्या अंगाला. निजामाच्या अंमलाची ती शेवटची वर्षं. खळ्यावरून आलेली तूर दरसाल माळवदावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर पसरायची, कडक उन्हात वाळवायची आणि मगच कणगीत भरायची, ही आमची रीत. त्या साली मात्र लेव्हीचे, म्हणजे सरकारसाठी सक्तीनं धान्य वसूल करणारे लोक घरोघरचं धान्य मोजत गावोगाव फिरत होते. माळवदावरची तूर चार घरांना दिसते आणि त्यातलं एक घर चुगली करतं, असा बाचा पक्का संशय. त्यानं तूर न वाळवताच आतल्या खोलीतल्या कणगीत ओतली आणि तोंड शेणमातीनं लिंपून टाकलं. कुणी पाणी मागायला आलं तरी आम्ही त्याला उंबऱ्याबाहेरच थांबवायचो.

पाडवा झाल्यावर मायनं कणगी फोडली. आत तपकिरी भुंग्यांचा नुसता बुजबुजाट. दाण्यांना बारीक गोल भोकं, दाभणानं पाडावीत तशी.

"कोन शिवलं गं कणगीला?" माय ओरडली.

शेजारची काकू लगेच हजर. पदरावरचा भुंगा झटकत म्हणाली, "आजवर कधी झालं न्हाई बाई असं. नवं मानूस आलं, नवं किडं आलं."

नवं माणूस म्हणजे वहिनी. लग्न होऊन वर्ष व्हायचं होतं. माहेर किनवटकडे, इस्लापूरजवळ. रानाकडच्या लोकांना शिवाशिव कळत नाही, हे आमच्या घरात तिच्या येण्याआधीच ठरलेलं होतं.

"आत्याबाई, बाहेर बसते तवा मी न्हाणीजवळच असते. आत पाऊल बी टाकलं न्हाई," वहिनी म्हणाली.

"मग भुंगे काय पाय धुऊन आपले आपन आले?"

त्या दुपारी निकाल लागला. अक्षय तृतीयेला वहिनीचा भाऊ न्यायला येईल, तेव्हा तिनं जायचं, आणि तिला परत आणायचं नाही.

माझा दादा, म्हणजे वहिनीचा नवरा, सोलापुराकडून निजामानं बंदी घातलेली पत्रकं सदऱ्याच्या आत लपवून आणायचा. मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवरच. सरकारनं पुराव्याशिवाय माणसं कशी डांबली, हे त्यांत ठळक अक्षरांत असायचं. मी दादाला विचारलं, "पुरावा काय?"

"बायकांच्या भानगडीत मी पडत न्हाई," तो ताटात बघत म्हणाला.

मग मीच शक घ्यायला लागले, सगळ्यांवर. कणगीच्या भेगांवर, जुन्या पोत्यांवर, बावरही. मूठभर तूर घेऊन खिडकीत बसले. लालसर दाण्यांवर कुठे कुठे पांढरे ठिपके होते, खसखशीहून लहान, नखानं सहज न निघणारे. तसा एक दाणा फोडला. ठिपक्याच्या बरोबर खाली वाकडी होऊन पडलेली पांढरी अळी. भोक पडलेल्या दाण्यांवरही ठिपका होताच. ज्यावर तो नव्हता, तो दाणा आतून भरीव निघाला. म्हणजे भुंगा अंडं वरून चिकटवतो, अळी आत शिरून दाणा खाते आणि भुंगा होऊन बाहेर पडते. काही अंडी शेतातच, शेंगेवर पडत असणार. ऊन दिलं असतं तर अळ्या दाण्यातच मेल्या असत्या. ते ऊन या साली कुणी चोरलं, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

मायला सांगितलं. ती म्हणाली, "लई शानी झालीस."

"बरं. मग ठिपक्याचे दाणे तू वेच, सोवळ्यात. बिनठिपक्याचे वहिनी वेचील, बाहेर बसेल तेव्हा. दोन गाडगी भरू. विटाळानं किडे होत असतील तर तिच्याच गाडग्यात होतील."

मायला स्वतःची खात्री होती म्हणूनच ती कबूल झाली. "होऊन जाऊ दे. समद्यांना दिसू दे."

दोन्ही गाडग्यांच्या तोंडाला फडकी बांधली. मायचं देवळीखाली, वहिनीचं न्हाणीजवळ. मी दाणे बदलीन म्हणून माय माझ्यावर पाळत ठेवायची आणि ती बदलील म्हणून मी तिच्यावर. गाठी कुणी सोडल्या का, हे दोघीही येता-जाता चाचपून बघायचो. वहिनी मात्र गाडग्याकडे फिरकतही नव्हती. ती आपलं लुगडं धुऊन, घडी घालून बोचक्यात बांधून तयार होती.

अक्षय तृतीया तोंडावर आली आणि मायच्या गाडग्याचं फडकं आतून खुडखुडायला लागलं. काकूसमोरच दोन्ही सोडली. सोवळ्यातल्या गाडग्यातून भुंगे मायच्या मनगटावर चढले. वहिनीच्या गाडग्यात तूर जशीच्या तशी.

"दूध उतू जाईल माझं," म्हणत काकू निघाली. बा भिंतीकडे बघत पुटपुटला, "वाळवायला पायजे होती." मायनं करडईच्या तेलाची वाटी वहिनीसमोर सरकवली. निवडलेली तूर माळवदावर गेली, भर दिवसा. वाळल्यावर वहिनीनंच तिला तेल चोळलं. तेलकट दाण्यावर अंडं नीट धरत नाही.

भाऊ न्यायला आला तेव्हा माय त्याला म्हणाली, "पेरनीच्या आधी आनून सोड."

"आनून सोडायला मी काय गाडगं हाय?" वहिनी म्हणाली. "माझी मी येईन." आणि आली.

विटाळ आमच्या घरातून गेला असं मी म्हणणार नाही. वहिनी अजून बाहेर बसते, मीही बसते. पण कणगीचं खापर आता आमच्यावर फुटत नाही.

तुम्ही आज तुमची कणगी उघडा. मूठभर तूर उजेडात धरा. ठिपके दिसले तर कडक ऊन द्या, तेल चोळा, वर राखेचा थर द्या. आणि तुमच्या घरातली एखादी अशाच आरोपावरून माहेरी बसली असेल, तर गाडी जुंपा आणि तिला घेऊन या.