उंदीरबाईंचा पाहुणा

आमच्या प्रयोगशाळेतल्या उंदीरबाई उंदराला शेपटीच्या मुळाशी धरून उचलत, तळहातावर घेत आणि विचारत, "काय रे, आजोबा कसे आहेत?" उंदराच्या आजोबांची चौकशी करणारी दुसरी व्यक्ती मी आजवर पाहिलेली नाही.

यामागे शास्त्र होतं. फार पूर्वी एक विषाणू उंदरांच्या कुठल्याशा पूर्वजाच्या जनुकांत घुसला आणि तिथेच राहिला. मग तो नाक-डोळ्यांसारखा वारशानेच मिळू लागला. असे कितीतरी. बहुतेकांत इतके बिघाड झालेले, की आता ते कुणाला साधी शिंकही आणू शकत नाहीत. "सोफ्यावर पसरलेले पाहुणे. काम करत नाहीत, जायचं नावही घेत नाहीत," बाई म्हणत. त्यातला एक नेमका रंगाच्या जनुकात ठाण मांडून बसलेला, म्हणून आमचे मूळचे काळे उंदीर राखाडी झाले होते.

हा वंश शुद्ध ठेवायला बाई पिढ्यानपिढ्या भावाबहिणींच्याच जोड्या लावत. एकदा त्यांच्या आई बागलाणातल्या नामपूरहून आल्या, लेकीचा उद्योग बघायला प्राणिघरात शिरल्या आणि हे ऐकून पदर तोंडाला लावून मटकन बसल्या. "भाऊ-बहीणनं लगीन? हाऊ कसाना धंदा शे वं?" बाई शांतपणे म्हणाल्या, "आई, पत्रिका जुळते."

इंदिरानगरच्या त्यांच्या सोसायटीत गणपतीत दरवर्षी कुणीतरी टोमणा मारायचंच, की बाप्पाच्या वाहनाला सुया टोचता. बाई मोदक खात विचारायच्या, "एका बाप्पाला किती गाड्या लागतात हो?"

त्यांच्या निवृत्तीच्या तोंडावर एका राखाडी जोडप्याला काळंभोर पिल्लू झालं. पिंजऱ्यांची जबाबदारी माझी होती. प्रयोगशाळेच्या साहेबांनी पिल्लू पाहिलं, मग मला पाहिलं. "बाहेरचा नर शिरलाय. वंश बाटला. सगळे मारून टाका." बाईंची सगळी हयात त्या पिंजऱ्यांत होती. मी पिंजऱ्यांच्या कड्या पुन्हा तपासल्या. बाई मात्र भडकल्या, आणि भडकल्या की त्या थेट बागलाणात जात. "बाहेरथून कोनी वना नही! घरमधला पाव्हना निंघी गया!"

साहेबांना अहिराणी कळली नाही, आवाज कळला. तपासणीचा निकाल येईपर्यंत त्यांनी थांबायचं कबूल केलं. तोवर बाईंचा डबा रोज तसाच घरी जायचा, आणि जाता-येता त्या मला सांगायच्या, "तू जेव. तुझं काही चुकलेलं नाही."

निकाल आला. पिल्लू त्याच आईबापांचं होतं. रंगाच्या जनुकातला विषाणू निघून गेला होता, फक्त त्याच्या टोकाचा एक लहानसा तुकडा मागे राहिला होता. बाई हसून हसून खुर्चीतून घसरल्या. "गेला मेला! आणि जाताना एक चप्पल विसरला!"

उंदीर वाचले. बाई निवृत्त झाल्या आणि वर्षभरात गेल्या. इतक्या घाईने जाण्यासारखं काही नव्हतं, म्हणून मला अजून त्यांचा राग येतो.

परवा प्राणिघराची साफसफाई निघाली. नव्या मॅडमनी दाराशी पडलेल्या निळ्या रबरी चपला पायाने सरकवल्या. "या कुणाच्या? फेकायच्या का?"

"राहू द्या," मी म्हटलं. "आमच्याकडे एक पाहुण्या होत्या."