लाकडी डोक्याच्या मापाची पट्टी

माझे वडील राहाता गावात लग्नाचे फेटे बांधायचे. त्यांच्याकडून मला दोन गोष्टी मिळाल्या. एक, तयार फेटे ज्यावर बसवायचे ते लाकडी डोकं. दुसरी, डोक्यावरची वस्तू घट्टच बसली पाहिजे हा समज. घोड्यावर चढताना नवरदेवाचा फेटा घसरला, तर लोक नवरदेवाला नाही, बांधणाऱ्याला हसतात, असं ते म्हणायचे. मी त्या धंद्यात पडलो नाही. नागापूरला एमआयडीसीत कमरेचे आणि गुडघ्याचे पट्टे शिवणाऱ्या एका लहानशा वर्कशॉपमध्ये कापड बेततो, शिवतो. आयुष्य त्यातच गेलं.

बायको कोपरगावची. ती झोपेत मोठ्यानं घोरायची आणि मी त्याची चेष्टा करायचो. एकदा एका लग्नाच्या पंगतीत माझा मेव्हणा म्हणाला, "यंदा आमच्या कारखान्याचं गाळप लवकर आटपलं."

मी म्हणालो, "तुमचं आटपलं असेल. तुमच्या बहिणीचं बारा महिने चालू असतं. तेही रात्रपाळीत."

पंगत हसली. ती तेव्हा मठ्ठा वाढत होती. माझ्या वाटीत ओतला आणि पुढच्या पानाकडे सरकली.

त्याच आठवड्यात तिनं आपलं अंथरूण मुलीच्या खोलीत नेलं. मुलगी लग्न होऊन गेल्यापासून ती खोली रिकामीच होती. "तुमची झोपमोड नको," एवढंच म्हणाली. त्या दिवशी मला बरं वाटलं होतं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

काही वर्षांनी ती बसल्या जागी पेंगू लागली. एकदा भाकरी भाजताना डोळा लागला आणि तव्यावर हात पडला. तपासणीत कळलं, झोपेत तिचा श्वास थांबतो. डॉक्टरांनी नाकावर मास्क लावून हवा देणारं मशीन दिलं आणि बजावलं की हे रोज लावायचंच, नाहीतर हृदयावर ताण येईल. पण मास्क डोक्याला बांधायची जी पट्टी सोबत आली, ती तिच्या अंबाड्यावरून निसटायची आणि कानामागे काचायची. ती मास्क काढून ठेवायची.

मला वाटलं, हे तर माझंच काम. आणखीही एक वाटलं, ते मनातच ठेवलं. मास्क नीट बसला की घोरणं थांबेल, आणि ती आमच्या खोलीत परत येईल.

माळ्यावरून वडिलांचं लाकडी डोकं काढलं. त्यावर माप घेऊन पट्टी शिवली. कितीही हलवलं तरी ती जागची हलेना. मग तिला खुर्चीत बसवून घातली.

"कसं वाटतंय?"

"छान बसलंय," ती म्हणाली.

पंधरा दिवसांनी पाहिलं तर मशीनवर धूळ. मी चिडलो. "एवढं जीव ओतून शिवलं, तुला त्याची काही किंमत नाही." ती म्हणाली, "लावते." आणि लावू लागली.

मग एका सकाळी दूध आणायला गेलो असताना शेजारच्या म्हाताऱ्या मावशींनी मला बाजूला घेतलं. "भाऊ, एक सांगते, राग मानू नका. या वयात बाईमान्साच्या तोंडावर हात उचलू न्हाई. लई वाईट दिसतं."

घरी येऊन मी तिचा चेहरा उजेडात पाहिला. दोन्ही गालांवर, नाकापासून कानापर्यंत, लालकाळे वळ होते. रोज एका घरात राहून मला ते दिसले नव्हते.

"सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? मामंजींचं डोकं चुकलं म्हणून?" मग म्हणाली, "अहो, त्या लाकडाला गाल कुठंयत? आणि ते कधी आडवं तरी झालंय का?"

त्या रविवारी दुपारी मी तोच मास्क लावून खाटेवर आडवा झालो. कुशीवर वळताच उशीनं पट्टी ढकलली आणि हवा डोळ्यांत जाऊ लागली. मी पट्टी आवळली, तर हवा दुसऱ्या बाजूनं निसटली. आणखी आवळली, तर गाल ठणकू लागला. तेव्हा कळलं, मास्कची रबरी कड हवेनं फुगून चेहऱ्यावर नुसती टेकायला हवी. तिला दाबून धरायचं नसतं. वीस मिनिटांत मी तो काढला. तिनं तो माझ्या शब्दाखातर रात्र रात्र लावला होता.

पुढचं माप मी तिला आडवी करून घेतलं. माझ्या खाटेवर, कारण खिडकीचा उजेड तिथे येतो. आधी उताणी, मग दोन्ही कुशींवर. मागची पट्टी दुभागली, एक अंबाड्याच्या वरून, एक खालून. गालाकडच्या बाजूला तिच्या जुन्या सुती साडीचं अस्तर लावलं. तीन पट्ट्या वाया गेल्या. चौथी लावून ती अशी झोपली की सकाळचा चहा मी केला.

मग धीर करून म्हणालो, "आता तर आवाज येत नाही. इकडेच ये ना झोपायला."

"मला आता त्या खोलीतच झोप लागते हो," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. असता तर मला काही बोलता आलं असतं.

इलॅस्टिक काही महिन्यांनी सैल पडतं. तेव्हा ती माप द्यायला माझ्या खाटेवर येऊन पडते. खोटं कशाला बोलू, मी त्या दिवसाची वाट बघतो. टेप मुद्दाम दोनदा फिरवतो.

गेल्या रविवारी दुपारी माप देता देता तिला झोप लागली. थोड्या वेळानं ती घोरू लागली. तोच आवाज, पंगतीत ज्यावर मी लोकांना हसवलं होतं. मी टेप हातात धरून तसाच बसून राहिलो. तो थांबू नये असं वाटत होतं. मग तो थांबला, आणि त्याबरोबर श्वासही. मी धावत तिच्या खोलीतून मशीन आणलं, मास्क नाकावर टेकवला आणि कच्चे टाके घालून ठेवलेली नवी पट्टी तिच्या डोक्याखालून सरकवली.

तिनं डोळे किलकिले केले. "घट्ट नको हं."

"सैलच ठेवलीय," मी म्हणालो.

ती भिंतीकडे वळली आणि पुन्हा झोपली, माझ्याच खाटेवर.