प्रेमिलाबाईंच्या रायफलीची उलटी परवानगी

आमगावच्या बसस्टँडमागे माझं ऑनलाइन सेंटर आहे. सातबारा, जातीचा दाखला, रेल्वेचं तिकीट, जे लागेल ते काढून देतो. माझा फॉर्म कधी चुकत नाही, असं मी गिऱ्हाइकांना सांगायचो. आता सांगत नाही. प्रेमिलाबाई बोपचेंच्या रायफलीचा अर्ज भरताना 'सध्याचे बोअर', म्हणजे नळीचं माप, या रकान्यात मी हवं असलेलं बोअर लिहिलं आणि 'बदलून हवे असलेले बोअर' या रकान्यात सध्याचं. गोंदियाच्या कलेक्टर ऑफिसने माझ्यावर विश्वास ठेवला आणि परवानगी दिली. तशीच, उलटी.

प्रेमिलाबाईंचं शेत नवेगाव बांधच्या बाजूला, जंगलाला लागून. पाच बांध्या, म्हणजे पाच खाचरं, धान. रानडुकरं रात्री येतात आणि सकाळी बांधीत नांगर फिरल्यासारखं दिसतं. डुकरं मारायची वनखात्याची परवानगी त्यांच्याजवळ होती, नवऱ्यामागे नावावर झालेला परवाना होता, सासऱ्यांची बोल्टवाली विलायती रायफलही होती. फक्त तिचं काडतूस बाजारातून कधीच गायब झालेलं. काडतुसाविना रायफल म्हणजे पॉलिश केलेली काठी. म्हणून ती ३१५ बोअरची करायची होती. त्याची काडतुसं दुकानात मिळतात.

हे काम करणारा आमच्या बाजूला एकच माणूस, केशोराव मेश्राम. वय अडुसष्ट. तरुणपणी जबलपूरकडे कारखान्यात लेथवर होते, आता रेल्वे फाटकाजवळ परवान्याची बंदूक दुरुस्ती चालवतात. त्यांची एक सवय मला तेव्हा हास्यास्पद वाटायची. हत्याराला हात लावण्याआधी ते कागद वाचतात. अंगठा ओळीखाली ठेवून, पहिलीच्या पोरासारखे.

आमचा परवानगीचा कागद वाचताना अंगठा मध्येच थांबला.

"ओमेश, हा अर्ज तू भरला?"

"हो काका. सव्वा महिन्यात काम झालं. मानता का नाही?"

"मानलं गा. याच्यात लिवलं आहे का चांगली ३१५ ची रायफल घ्या, अन् तिची अशी करा का तिले देशात काडतूस भेटू नये."

प्रेमिलाबाई बाजूला स्टुलावर बसल्या होत्या. सोबत त्यांचे दीर उदाराम, गावचं राजकारण केलेले. म्हणाले, "काम तं तेच आहे ना भाऊ. नळी बदलून टाका. कागद कोण वाचून राहिला?"

"मी वाचून राहिलो ना," केशोराव म्हणाले. "या कागदावर हात लावला तं बाईची रायफल जप्त अन् माझा परवाना बी. ते बी जाऊ द्या. उद्या कोणी कागद पाहून तिच्यात जुनं काडतूस कोंबलं, तं बाईचा डोळा जाईन."

"भाऊ, धान पोटरीत आला," प्रेमिलाबाई म्हणाल्या. "एक बांधी गेली."

दुसऱ्या सकाळच्या गाडीने मी आणि केशोरावकाका गोंदियाला. काकांनी रुमालात दोन रिकामी काडतुसं बांधून घेतली होती. टेबलावरच्या मॅडमनी कागद बघून सांगितलं, "नई फाइल लगेगी भैया. तीन महिने पकडो."

मी सुरू झालो, "मॅडम, सिस्टिममध्ये ना कधीकधी..."

काकांनी माझ्या पायावर पाय दिला. "सिस्टिम कायले म्हणतोस? तुझं नाव सांग."

मी नाव सांगितलं. चूक माझी, हेही सांगितलं. मग काकांनी दोन्ही काडतुसं टेबलावर उभी केली. "बाईसाहेब, हे दुकानात भेटते. हे माह्या आलमारीतच आहे, दुसरीकडं नाही."

मॅडमनी दोन्ही उचलून पाहिली. "मतलब जो मिलता है वो निकालके, जो नहीं मिलता वो लगाने की परमिशन दी हमने?"

"दिली," काका म्हणाले. "सही बी चांगली आहे."

मॅडम हसल्या आणि फाइल घेऊन स्वतः साहेबांकडे गेल्या. दुरुस्तीचा कागद सहाव्या दिवशी आला. काकांनी ओळीखाली अंगठा ठेवून तो दोनदा वाचला, मग पान्याला हात घातला.

बोअर बदलणं म्हणजे निव्वळ नळी बदलणं असं मला वाटायचं. काडतुसाचं बूड बदललं की ते धरणारं बोल्टचं तोंड बदलतं, मॅगझिन बदलतं, आणि बोल्ट बंद झाल्यावर मागे उरणारी केसाएवढी जागाही नव्याने बसवावी लागते. काका कानशीचे चार हात मारायचे, पुसायचे, मापाचं गेज घालायचे, पुन्हा चार हात. बघून मला झोप यायची. आठव्या दिवशी रायफल लोखंडी चौकटीत जखडली, आणि नेमून दिलेल्या जागी भिंतीआड उभं राहून दोरीने घोडा ओढला. आवाज खणखणीत आला. उदारामांनी टाळी वाजवली.

काकांनी रिकामं कवच भिंगाखाली धरलं. बुडाजवळ एक चकचकीत रेघ होती, मला दाखवल्यावरच दिसली.

"जागा जास्त राहिली, कवच ताणून राहिलं. नळी परत काढा लागते."

"फुटली तं नाही ना!" उदाराम वैतागले. "धंदा वाढवून राहिले का भाऊ?"

काका प्रेमिलाबाईंकडे वळून म्हणाले, "बाई, तीन दिवस द्या. घाई असन तं आताच घेऊन जा, पण मग माह्या नावानं नोको."

दुसरी बांधी गेल्याचं त्यांनी सकाळीच सांगितलं होतं. तरी म्हणाल्या, "तुमच्या नावानंच पाहिजे."

तीन दिवसांनी पाच गोळ्या उडवल्या. पाचही कवचं भिंगाखाली गेली, एकावरही रेघ नव्हती. नळीवर बोअरचा नवा आकडा ठोकण्याआधी काकांनी प्रत्येक अक्षर मला मोठ्याने वाचायला लावलं, डावीकडून उजवीकडे.

उरलेल्या तीन बांध्यांचा धान घरात आला. पहिल्या रात्री एक डुक्कर पडलं, बाकीची जंगलात गेली ती महिनाभर फिरकली नाहीत, असं प्रेमिलाबाई सांगतात. उदारामही सांगतात, पण त्यांच्या सांगण्यात रायफल त्यांनीच करून आणलेली असते.

धान घरात आल्यावर मी काकांना विचारलं, माझ्या चुकीची भरपाई काय?

"पायलीभर चिन्नोर तांदूळ आण," ते म्हणाले. "तुह्या घरचा. दुकानातला नोको, मले वासानं समजते."

चिन्नोर भरडून झाला. आईने पायलीभर वेगळा काढून पिशवीत बांधला. काकांची ती पिशवी महिनाभर आमच्या दाराशी आहे, आणि सेंटरला उशीर झाला असं आईला सांगून मी रोज ती तशीच ठेवून निघतो.